घार पडली त्या आठवड्यात

माझ्या दादाने आयुष्यात किती जणांना मारलं, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पहिल्याची मला आठवण आहे, कारण मी तिथे होते. तो नऊ वर्षांचा, मी सहाची. शेजारच्या मुलाने माझी वेणी ओढली, तर दादाने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि नळाच्या कट्ट्यावर आपटलं. एकदा नव्हे, तीनदा. त्या पोराची भुवई उसवली, रक्त पाण्याबरोबर वाहत गेलं, आणि मला भयंकर आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

पंधराव्या वर्षी त्याने वडिलांच्या हातातला पट्टा हिसकावला आणि त्याच पट्ट्याचं बक्कल त्यांच्या तोंडावर ओढलं. त्यानंतर आमच्या घरात पट्टा कुणी काढला नाही. मार थांबला असं मात्र नाही, मारणारा बदलला एवढंच. पुढे कामही त्याला शोभेल असंच मिळालं. जुन्या इमारती पाडायचं. सकाळी घण घेऊन तो भिंतीसमोर उभा राहायचा आणि संध्याकाळी तिथे भिंत नसायची. बरोबरचे मजूर त्याला घणच म्हणायचे. एकदा मुकादमाने आईवरून शिवी दिली, तर मुकादमाच्या तीन बरगड्या गेल्या. ठेकेदाराने दादाला काढलं नाही, कारण तो एकटा दोन माणसांचं काम ओढायचा. कामाच्या माणसाचा राग लोक पोटात घालतात. मीही घातला.

वहिनीने तर बारा वर्षं घातला. गालावर वळ घेऊन ती माझ्याकडे यायची. मी तिला चहा करून द्यायचे आणि समजूत काढायचे, की वहिनी, तो वाईट नाही हो, रागात त्याचं भान जातं, हात त्याच्या ताब्यात राहत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलायचं? ती चहा संपवायची, कप विसळून ठेवायची आणि घरी जायची. तिने मला कधी उलट विचारलं नाही.

मग गेल्या वर्षी कुठल्याशा बोलण्यावरून त्याने तिचा हात चौकटीत धरला आणि वरून दार आपटलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर घातलेल्या हातानेच तिने पिशवी भरली आणि ती तिच्या बहिणीकडे निघून गेली. जाताना अट घातली, ती त्याला नाही, मला सांगितली. वर्षभर त्याने कुणावरही हात उचलला नाही तर ती परत येईल. कुणावरही म्हणजे कुणावरही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला ती दुकानात फोन करणार आणि मला एकच प्रश्न विचारणार.

"भावासाठी खोटं बोलू नका वन्सं, एवढंच," ती म्हणाली. मी शब्द दिला.

दुकान माझं आहे, कार्डांचं. जुगाराच्या पत्त्यांचं नव्हे. ही रंगीत चित्रांची कार्डं असतात, प्रत्येकावर एखादं जनावर नाहीतर योद्धा, आणि खाली बारीक अक्षरांत ते समोरच्याला कसं मारतं त्याचे नियम. साठ कार्डांचा गठ्ठा घेऊन दोघं समोरासमोर बसतात आणि एकमेकांची फौज कापून काढतात. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या दोन जाती. मागच्या टेबलांवर खेळाडू, पुढे काचेपाशी संग्राहक. खेळाडूला कार्ड हवं असतं ते हाणामारीसाठी. संग्राहकाला त्याच्या कोपऱ्याला ओरखडासुद्धा चालत नाही. चांगलं कार्ड संग्राहक तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवतात. तिथे त्याला दहापैकी गुण मिळतात आणि ते कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद होऊन येतं. डबी फोडली की गुण गेले, आणि गुण गेले की किंमत गेली. या दोन जाती एकमेकांना बिनडोक समजतात आणि मी दोघांच्या जिवावर जेवते.

वहिनी गेल्यावर दादाला संध्याकाळी घरी एकटं ठेवायची मला भीती वाटायची. म्हणून त्याला मी दुकानात बसवायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्याने काचेच्या कपाटात हात घातला आणि मी ओरडले. माझ्या दुकानाचा एक नियम आहे. सुटं कार्ड बघायचं तर आधी दोन्ही हात काउंटरवर ठेवायचे, पालथे, मग उताणे. मी नखं बघते, घाम बघते, आणि हात थरथरतोय का ते बघते. हात स्थिर असेल तरच पांढरे सुती हातमोजे मिळतात. थरथरत असेल तर थांबायचं, मग तो गावचा राजा का असेना. दादाचे हात तेव्हा भांडण करून आल्यासारखे उडत होते. मी म्हटलं, थांब. तो थांबला. अर्धा तास त्या काचेवर हात ठेवून उभा राहिला, सिमेंटच्या धुळीने भरलेला एवढा थोरला माणूस, आणि हात शांत झाले तेव्हा मी त्याला हातमोजे दिले.

त्या दिवसापासून तो संग्राहक झाला. कामावर कुणी डिवचलं तर मारायच्या ऐवजी तो माझ्या दुकानात येऊन काचेवर हात ठेवायचा. एकदा घरच्या दारावर त्याने अशी लाथ घातली की दाराची फळी फुटली, पण दार म्हणजे माणूस नव्हे. वहिनीचे फोन येत राहिले. "हात उचलला?" ती विचारायची. मी नाही म्हणायचे. ती बरं म्हणून ठेवून द्यायची. असे अकरा फोन झाले, अकराही वेळा मी खरं तेच बोलले.

त्या वर्षात त्याने जपून ठेवलेल्या पैशांतून एकच मोठी खरेदी केली, काळी घार. त्या खेळातलं सगळ्यात जहाल कार्ड. घार टेबलावर उतरली की समोरच्याची सगळी फौज मरते. डबीतल्या, दहापैकी दहा गुणांच्या घारीला एका चांगल्या दुचाकीची किंमत होती. वहिनी आली की ती विकायची, घरात एक भिंत घालायची आणि तिची वेगळी खोली करायची, आतून कडी असलेली, असं त्याने ठरवलं होतं. हे त्याने मला डबी माझ्या कपाटात ठेवायला देताना सांगितलं. नवरा बायकोसाठी आतून कडी लावतोय!

दादासारखाच दुसरा घारवाला म्हणजे गॅरेजवाला. याच्याकडे नऊ घारी होत्या आणि त्या त्याने माझ्या सांगण्यावरून घेतल्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी सवय. घार कधी पडत नाही, असं मी त्याला छाती ठोकून सांगितलं होतं. नऊ घारी विकून तो गॅरेजात गाड्या वर उचलायचं दुसरं यंत्र बसवणार होता. बायकोला, सासऱ्याला, रस्त्यावरच्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना त्याने ते सांगून ठेवलं होतं.

आणि घार पडली. खेळ काढणाऱ्या कंपनीने एका सोमवारी जाहीर केलं की नव्या पेटीत काळी घार येणार, प्रत्येक पेटीत एक. मंगळवारी किंमत निम्मी झाली. बुधवारी पाव. गुरुवारी घार घेऊन येणाऱ्याला मी चपलांच्या जोडीएवढे पैसे देत होते आणि तेही नाक मुरडून. एका म्हाताऱ्या संग्राहकाने माझ्यासमोर चार डब्या जमिनीवर घातल्या आणि बुटाच्या टाचेने चिरडल्या. दुसऱ्याने माझ्यावर थुंकायचा प्रयत्न केला, ते काचेवर पडलं. मागच्या टेबलांवर मात्र आनंदीआनंद होता. दवाखान्यातली एक नर्स तीन वर्षं उसनी घार मागून खेळत होती. तिने बुधवारी स्वतःची घेतली आणि तिघांच्या फौजा लागोपाठ कापल्या. किंमत पडली की संग्राहकाचं घर पडतं आणि खेळाडूचं उभं राहतं. मधे दुकानदार, त्याला दोन्हीकडून विटा.

गुरुवारी संध्याकाळी दादा आला. त्याला बातमी कामावर कळली होती. मी कपाटाच्या खालची हातोडी आधीच लपवून ठेवली होती. त्याने काही न विचारता हात काचेवर ठेवले. ते उडत होते. तो उभा राहिला, मी गिऱ्हाइकं करत राहिले आणि मनात म्हणत राहिले, दहा दिवस राहिलेत रे, दहा दिवस. बऱ्याच वेळाने त्याने आपल्या घारीची डबी मागितली. ती घेऊन तो बाहेर पायरीवर बसला, पिशवीतून छिन्नी काढली, आणि एका घावात डबीची शिवण उलगडली. दुसऱ्या घावात झाकण उडालं. कार्डाचा एक कोपरा दुमडला. ते घेऊन तो मागच्या टेबलांपाशी गेला आणि नर्सला म्हणाला, "हे खेळतात कसं, ते शिकव."

वर्षभर कार्डं जमवलेल्या माणसाला खेळाचा एक नियम ठाऊक नव्हता. मागच्या टेबलावर एकच हशा पिकला. मला वाटलं, झालं, आता कुणाचं तरी नाक जाणार. पण दादाही हसला. नर्सने त्याला अकरा वेळा मारलं. त्याची फौज जाळली, बुडवली, त्याच्याच घारीला त्याच्यावर उलटवलं. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, परत. चहाचा कप त्याने कार्डांवरच ठेवला. घरी जाताना म्हणाला, भिंत मीच घालतो, विटा तर रोज माझ्याच हातून सुटतात. इतकं हलकं बोलताना मी त्याला लहानपणीसुद्धा ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी तो कामावरून थेट टेबलावर गेला. सहाच्या सुमाराला गॅरेजवाला आत आला. हातात चाकाच्या नटांचा पाना होता, हातभर लांबीचा, पण तो गॅरेजातून तसाच उठून आला असेल असं समजून मी लक्ष दिलं नाही. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मागे गेला आणि दादाच्या समोर उभा राहिला. दादाच्या पुढ्यात उघडी घार पडली होती, दुमडलेली, वर चहाचा गोल डाग.

"तुला आधीच माहीत होतं," गॅरेजवाला म्हणाला. "बहिणीने तुला सांगितलं आणि मला नऊ गळ्यात मारल्या."

दादाने मान हलवली. कुणाला काहीच माहीत नव्हतं, बस, एक डाव खेळ, असं काहीतरी तो म्हणाला. ते खेळ म्हणणंच त्या माणसाला झोंबलं असणार. त्याने पाना उचलला आणि दादाच्या टेबलावरच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला काउंटरपर्यंत आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. दादा उठला, मागे सरकत भिंतीला लागला, पण हात वर आला नाही. मग गॅरेजवाला वळला आणि माझी काच फोडायला लागला. कपाट, काउंटर, दिव्याची नळी. काचा उडून माझ्या केसांत गेल्या. नऊ वर्षांचं माझं दुकान होतं ते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि जीभ सुटली. नऊ घारी उबवत बसलास, एकीने तरी अंडं घातलं का, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. बायकोही हसत असेल घरी, असंही म्हटलं.

पाना माझ्या जबड्यावर आला. दुखलं नाही, आधी फक्त तोंडात खडे भरल्यासारखं झालं. ते माझेच दात होते. मी पडले. त्याने पोटात लाथ घातली, मग दुसरी, मग छातीवर. मी काचांवरून मागे सरपटत होते, आणि तीन हातांच्या अंतरावर, भिंतीला पाठ लावून, माझा भाऊ उभा होता. शंभर किलोचा. भिंती पाडणारा. मोडलेल्या मनगटाला डाव्या हाताने घट्ट धरून. मी ओरडले, "दादा, मार त्याला." तोंडातून रक्तच जास्त आलं, पण त्याला कळलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते आणि हात जागच्या जागी होते. आणखी एक लाथ बसली. मी परत म्हटलं, मार. तो हलला नाही.

शेवटी नर्सने लोखंडी खुर्ची गॅरेजवाल्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यांवर आला, तेव्हा तिने परत घातली. मग खेळायला आलेला एक ट्रकवाला त्याच्या पाठीवर बसला. गॅरेजवाला खाली दबून लहान पोरासारखा रडायला लागला. सगळं मिळून मिनिटभराचं काम, असं नर्स नंतर म्हणाली. ती माझा जबडा ओढणीने बांधत असताना दादा जवळ येऊन बसला. त्याचा चेहरा घामाने निथळत होता आणि डोळे लखलखत होते.

"नाही उचलला," तो म्हणाला. "बघितलंस ना? नाही उचलला."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. अंगात होतं नव्हतं ते सगळं गोळा करून वाजवली. त्याने तीही खाल्ली.

जबडा तारेने बांधला. चार दात गेले, एक बरगडी तडकली. गॅरेजवाल्याला पोलीस घेऊन गेले आणि त्याच्या घारी त्याच्या बायकोने मूठभर पैशांत मागच्या टेबलांना विकल्या, असं ऐकलं. मी दादाशी बोलत नव्हते. बोलता येत नव्हतं हे एक, आणि इच्छाही नव्हती. तो प्लास्टर सांभाळत रोज यायचा, डाव्या हाताने काचा वेचायचा, फळ्या ठोकायचा. मला त्याच्या प्रत्येक ठोक्याचा राग यायचा. जन्मभर ज्याला मारू नको म्हणून सांगितलं, त्याने एकदाच ऐकलं, आणि मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता. हे न्यायाचं नाही, मला कळतं. राग न्याय बघून येत नाही.

पहिला रविवार आला. दादा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून साडेदहालाच हजर. वर्ष पुरं झालं होतं. अकराला फोन वाजला आणि वहिनीने नेहमीसारखंच विचारलं, "हात उचलला?"

हो म्हणायला मला एक श्वास पुरला असता. तो समोर उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत. दात आवळून बोलावं लागत होतं, पण मी बोलले. नाही उचलला म्हणाले. माझा जबडा मोडला, मी मार म्हणून ओरडले, तरी उचलला नाही. दिलेला शब्द मी पाळला आणि त्यात मला काडीचं समाधान नव्हतं.

मग तिने बारीकसारीक विचारलं. कोणी मारलं, दादा किती लांब होता, त्याला मी मारू नको म्हटलं की मार म्हटलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना फोन द्या.

दादाने डाव्या हाताने फोन कानाला लावला. तो एकदा हो म्हणाला, एकदा अगं म्हणाला, नंतर नुसता ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर तो माझ्या नव्या, अजून काच न बसवलेल्या काउंटरला टेकला. बारा वर्षं तिने त्याला अहो-जाहो केलं होतं, आज पहिल्यांदा अरे म्हणाली, हे त्याने मला आधी सांगितलं. मग ती काय म्हणाली ते सांगितलं.

"ती म्हणाली, बहिणीचे दात पडत होते, स्वतःचं हाड मोडलं होतं, तरी तू हात आवरलास. म्हणजे तुला आवरता येतो. मी समजत होते, तुला येतच नाही. म्हणून तर वर्ष दिलं होतं. मग माझ्यावर उठायचा तो आपोआप नव्हता उठत, तू उठवत होतास." त्याने प्लास्टरचा हात काउंटरवर ठेवला. "ती येणार नाही."

वहिनीला मी परत फोन केला नाही. हात त्याच्या ताब्यात राहत नाही, हे तिला त्याने कधी सांगितलंच नव्हतं. ते बारा वर्षं, चहा करून देत, मी सांगितलं होतं.